डावीकडे जाणारी गाडी

२८ एप्रिल २००६, शुक्रवार

गाडी गेली. उभ्या उभ्या गेली.

काशीमीऱ्याला हॉटेलात इडली खात होतो. सुचेता खिडकीकडे तोंड करून बसली होती. ती म्हणाली, "अहो, तो ट्रक मागे येतोय." मी म्हणालो, येऊ दे. मग आवाज झाला.

ट्रकने आमच्या पांढऱ्या मारुतीला पुढून दाबलं आणि मागच्या भिंतीला टेकवलं. बॉनेट उभं. उजवा दिवा जमिनीवर. दारं बंद ती बंदच. आत कुणी नव्हतं, हे सुचेताने तीनदा म्हटलं. ट्रकवाला खाली उतरला, गाडीभोवती फिरला. "साहब, सफेद थी. दिखी नहीं."

पोलीस, पंचनामा, सह्या. इडली राहिली.

२९ एप्रिल, शनिवार

गाडी ओढून गुणवंतभाईंच्या गॅरेजात नेली. हायवेला लागून, टायरवाल्याच्या मागे. सहा वर्षं आमची गाडी तेच बघतात. डावा पुढचा टायर नेहमी आधी झिजतो, एवढीच त्यांची कुरकुर असते. कारण त्यांना कधी सापडलं नाही.

आज गाडीभोवती तीन फेऱ्या मारून थांबले. मी विचारलं, "गेली ना?" त्यांना राग आला. "मरी नथी, सर. मेरे हाथ में आज तक एक गाडी नहीं मरी." खर्चाचा अंदाज सांगितला— अठ्ठावीस हजार.

सुचेता ओणवी होऊन गाडीखाली पाहत होती. "खालचं लोखंड वाकलंय. ही सरळ जाणार नाही." गाडी ती चालवते. मला येत नाही. मी शेजारी बसतो.

१ मे, सोमवार

नीट लिहून काढतो, म्हणजे मलाच कळेल.

विम्याच्या कागदावर गाडीची किंमत चौऱ्याऐंशी हजार. दुरुस्ती त्रेसष्टच्या वर गेली तर गाडी गेली असं कंपनी मानते आणि सगळी किंमत देते. त्रेसष्टच्या आत असेल तर फक्त दुरुस्ती, तीही कापूनकापून. मीरा रोडच्या मोठ्या वर्कशॉपचा अंदाज एकाहत्तर. ते जुनं सरळ करत नाहीत, नवीन बसवतात. गुणवंतभाईंचा अठ्ठावीस. ते काही टाकून देत नाहीत.

म्हणजे गाडी मेली तर आमचं भलं. आणि ती अशा माणसाच्या हातात आहे, जो मरू देत नाही.

गाडी हवीच. उत्तनच्या शाळेने सुचेताला मुख्याध्यापिका केलंय— केलंय म्हणजे, ती हो म्हणाली तर. बारा जूनला शाळा उघडते. मुख्याध्यापिकेला पावणेसातला फाटकात उभं राहावं लागतं. रिक्षा आणि बस करत ती सातच्या आत पोचत नाही, दोनदा जाऊन पाहिलंय. पाच जूनपर्यंत उत्तर द्यायचंय. "गाडी असेल तर हो," ती म्हणाली. बावीस वर्षं ती त्या शाळेत शिकवते. हे म्हणताना भाजी निवडत होती. मान वर केली नाही.

माझ्या कॉलेजला सुट्टी आहे. म्हणून कंपनीशी बोलायचं काम माझं.

३ मे, बुधवार

कंपनीला पत्र लिहिलं. दोन पानं. सुचेताने वाचलं.

"निबंध नको. आकडा लिहा."

"आकडा चौथ्या परिच्छेदात आहे."

"तिथपर्यंत कोण जाणार?"

तसंच पाठवलं. चौथा परिच्छेद चांगला उतरला आहे.

५ मे, शुक्रवार

कंपनीचा सर्व्हेअर गॅरेजात आला. अल्पेश म्हात्रे. अकरावीला माझ्या वर्गात होता म्हणे. मला आठवला नाही. त्याला मी पक्का आठवत होतो. "सर, तुमचं पत्र वाचलं. 'सुस्थितीतील, मायेने सांभाळलेली, देखणी'— तुम्हीच सांगायचात ना, विशेषणं कापा?"

मी त्याला गाडीकडे वळवलं.

त्याच्या हातात पंचनाम्याचे फोटो होते. एकदा फोटोकडे पाही, एकदा गाडीकडे. "सर, फोटोत बॉनेट उभं आहे."

बॉनेट आडवं होतं. नीट बंद झालेलं होतं.

गुणवंतभाई जरा लाजले. "बैठा था खाली. थोडा ठोक दिया."

"दारही उघडतंय."

"वो तो अपने आप."

अल्पेशने वहीत काहीतरी खोडलं. जाताना मला बाजूला घेऊन म्हणाला, "सर, ही सुधारतेय. लवकर काहीतरी करा."

८ मे, सोमवार

पाठ धरली म्हणून डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी आधी काट्यावर उभं केलं. ब्याण्णव किलो. घरी सुचेताने विचारलं. चौऱ्याऐंशी सांगितलं. सध्या तोंडात तोच आकडा आहे.

ही वही कपाटात शब्दकोशांच्या मागे असते. तिथे कुणी हात घालत नाही.

१० मे, बुधवार

केबिन रोडवरून रिक्षा केली. शंभर पावलांवर त्याने थांबवली. "अंकल, बीच में बैठो ना."

१२ मे, शुक्रवार

आज गुणवंतभाईंना समोर बसवून सगळं समजावलं. त्रेसष्ट, एकाहत्तर, अठ्ठावीस. चहा मागवला. म्हणालो, तुम्ही जेवढी दुरुस्त कराल तेवढं आमचं नुकसान. त्यांनी शांतपणे ऐकलं. खूप वेळ गाडीकडे पाहिलं.

"मतलब उसको ऐसेही पडी रहने दूं?"

"हो."

"मेरे सामने?"

शेवटी शब्द दिला. हात लावणार नाही.

१५ मे, सोमवार

उजवा दिवा लागतो. विचारलं, "हाथ लगाया?"

"नहीं सर. पाना लगाया."

१६ मे, मंगळवार

दुपारी फोन. गुणवंतभाई काही बोलेनात. नुसती घरघर. मग कळलं— फोन इंजिनासमोर धरला होता.

१८ मे, गुरुवार

कंपनीतून बाईंचा फोन. गोड आवाज. सर्व्हेअरच्या टिपणाप्रमाणे गाडी दुरुस्त होण्यासारखी आहे. तरी तुम्ही शिक्षक आहात म्हणून एक मार्ग— पंचेचाळीस हजार घ्या, मोडकी गाडीही ठेवा, विषय मिटवा. सोमवारी सही करायला या.

पंचेचाळीसमध्ये नीटशी गाडी येत नाही. पण भांडणाचा कंटाळा आलाय. गेले वीस दिवस मी गाडी किती चांगली होती आणि किती वाईट झाली, हे दोन्ही एका श्वासात सांगतोय. स्वतःचंच पटत नाही. सही करून टाकावी असं वाटतं. सुचेताला आत्ता काही सांगत नाही. सोमवारी करूनच सांगेन.

१९ मे, शुक्रवार

सकाळी चहा देताना सुचेता म्हणाली, "पंचेचाळीसवर सही केलीत तर बसने मी एकटी जाणार नाही. रोज तुम्ही सोबत यायचं. पावणेसहाला."

तिला हे कधी सांगितलं, आठवत नाही. झोपेत बोललो असेन.

"गाडी वाकडी आहे हे मला माहितेय," ती म्हणाली, "ते त्यांना दिसलं पाहिजे. सोमवारी अल्पेशला गॅरेजात बोलवा. मी चालवते."

शब्दकोशांवरची धूळ पुसलेली दिसली. शकूबाई हल्ली कपाटाच्या आतूनही फडकं मारतात. पगार वाढवायला हवा.

२२ मे, सोमवार

आजचा दिवस सविस्तर.

गॅरेजात गेलो तर गाडी धुतलेली. पुढचं नाक अजून चेपलेलं, काच तडकलेली, पण बाकी अंग चकचकीत. आरशाला लिंबू-मिरची. गुणवंतभाई स्वतः इस्त्रीचा शर्ट घालून उभे. त्यांना वाटलं, आज त्यांच्या कामाची परीक्षा. एका अर्थी होतीच.

सुचेता चालवायला. मी शेजारी. मागे अल्पेश आणि गुणवंतभाई, गुडघे हनुवटीला लावून. हायवेच्या बाजूचा मोकळा रस्ता धरला. गाडी सुरू झाली, दुसऱ्या गिअरमध्ये गेली, तिसऱ्या. गुणवंतभाई मागून म्हणाले, "देखा?"

"आता बघा," सुचेता म्हणाली आणि स्टिअरिंगवरचे हात उचलले.

गाडी डावीकडे निघाली. घाई नाही, धक्का नाही. ओळखीचं कुणी दिसावं तशी. समोर शहाळीवाला होता. तो शहाळं तसंच हातात धरून मागे सरकला. सुचेताने गाडी आवरली. पुन्हा सरळ केली, पुन्हा हात उचलले. पुन्हा डावीकडे. चार वेळा.

"हवा कम होगी," गुणवंतभाई.

उतरून चारी टायर तपासले. हवा ठीक.

सुचेता त्यांच्यासमोर उभी राहिली. शाळेत मुलांपुढे उभी राहते तशी. "गुणवंतभाई, या गाडीत मी रोज पहाटे उत्तनचा चढ चढणार. तुम्ही एका कागदावर लिहून द्या— ही गाडी सरळ जाते. खाली सही करा. मी आत्ता अठ्ठावीस हजारांत घेऊन जाते."

त्यांनी लिहून दिलं असतं तर सगळं संपलं असतं.

गुणवंतभाई बराच वेळ फडक्याला हात पुसत राहिले. हात स्वच्छ होते.

"चलेगी, बेन," ते म्हणाले. "बराबर चलेगी. चलानेवाले को थोडा दाहिने का सोचना पडेगा, बस." मग खाली पाहून— "लिख के नहीं दूंगा."

अल्पेशने लिहून घेतलं. खालचा सांगाडा सरळ नाही, दुरुस्तीची हमी मिळत नाही, वर्कशॉपचा अंदाज ग्राह्य धरावा. एकही विशेषण नाही.

२३ मे, मंगळवार

गुणवंतभाई गॅरेजात आले नाहीत. टायरवाला म्हणाला, बरं नाही त्यांना. वाईट वाटलं. जिंकल्याचा आनंद होता, तो वाटेत कुठेतरी उतरला.

२७ मे, शनिवार

अल्पेशचा फोन. गाडी गेली असं ठरवण्याआधी कंपनी मोडक्या गाडीला भाव किती येतो ते पाहते. भंगारवाल्यांकडून बोली मागवली. सर्वसाधारणपणे अशा गाडीला पंधरा येतात. हिला छत्तीस हजार आले. "सर, इंजिन चालू, दिवे चालू, दारं उघडतात. असं भंगार आम्ही पाहिलं नाही." म्हणजे कंपनीला चौऱ्याऐंशीतले छत्तीस परत मिळणार. उरले अठ्ठेचाळीस. वर्कशॉपच्या दुरुस्तीला त्याहून जास्त गेले असते. साहेब खूश आहेत.

ज्या माणसाला मी पंधरा दिवस थांबवत होतो, त्याच्या न थांबण्याने काम झालं.

"छत्तीस कुणी लावले?" मी विचारलं.

"गॅरेजवाल्याने. दुसरी बोली चौदाची होती."

२ जून, शुक्रवार

मंजूर. नियमाप्रमाणे पाचशे वजा, त्र्याऐंशी हजार पाचशे. सुचेताने कागद दोनदा वाचला, चष्मा पुसला, संस्थेला फोन लावला. "हो," म्हणाली. एवढंच. मग बाल्कनीत जाऊन उगाच झाडांना पाणी घातलं. झाडांना सकाळीच घातलं होतं.

१० जून, शनिवार

गुरुवारी चेक वटला. मीरा रोडवरून जुनी राखाडी गाडी घेतली, एकोणऐंशी हजार. विकणाऱ्याने स्वतः चालवून दाखवली. बाणासारखी सरळ.

संध्याकाळी आम्ही दोघं उत्तनपर्यंत जाऊन आलो. वाटेत सुचेता म्हणाली, "हीपण जराशी डावीकडे जाते." सिग्नलला माझ्याकडे पाहिलं. नंतर घरी येईपर्यंत दोनदा पाहिलं.

१२ जून, सोमवार

सुचेता साडेसहाला शाळेच्या फाटकात होती. एकटीच गेली. दुपारी म्हणाली, "गाडी छान सरळ गेली."

१८ जून, रविवार

सकाळी खाली हॉर्न. गुणवंतभाई, पांढऱ्या गाडीत. नवी काच, नवं नाक. चेहरा मात्र जागरणाचा.

"सर, समज में नहीं आता. मैं अकेला चलाता हूं, सीधी जाती है. पूरा खोल के देखा. चेसिस को कुछ नहीं हुआ था."

सोसायटीच्या मागच्या रस्त्यावर नेली. ते एकटे गेले— सरळ. सुचेता एकटी गेली, हात सोडून— सरळ. मग तिने शेजारचं दार उघडलं. "या, बसा." बसलो. गाडी शांतपणे डावीकडे निघाली. मला उतरवलं. सरळ. पुन्हा बसवलं. डावीकडे.

गुणवंतभाई मटकन कट्ट्यावर बसले. माझ्याकडे पाहिलं, मग डाव्या पुढच्या टायरकडे. सहा वर्षांचा हिशेब एकदम लागला त्यांना. डोळ्यांत पाणी आलं. खिशातलं बिलबुक काढलं, लिहिलं, सही केली, फाडून सुचेताच्या हातात दिलं.

'गाडी सीधी जाती है. सर न हो तो.'

१९ जून, सोमवार

रात्रभर विचार केला. कंपनीला खरं काय ते कळवायला हवं. पण पत्र कसं सुरू करावं? सुचेता शाळेला निघाली होती. तिला विचारलं.

चपला घालता घालता म्हणाली, "निबंध नको. आकडा लिहा. ब्याण्णव."

ब्याण्णव मी फक्त या वहीला सांगितलं होतं.