बाजूची सीट

मस्कत

ती. बाबा,
वाकून नमस्कार.

गाडी घेतली. जुनीच आहे, पेट्रोलवरची फोर-व्हील-ड्राइव्ह. साइटचा रस्ता वाळूचा, म्हणून घ्यावी लागली. आईला गाडीचं सांगा, वाळूचं नको.

तुम्हाला न विचारता घेतली, तेच टोचतंय. जन्मभर मरोळच्या शेठची गाडी चालवलीत तुम्ही, बाजूच्या सीटवर कधी बसला नाहीत. माझ्या पहिल्या गाडीत तिथे तुम्ही बसायचं, असं ठरलं होतं ना?

चाकाखाली लिंबू ठेवलं आणि मुंबईच्या सवयीने उजवीकडून चढलो. समोर स्टिअरिंगच नाही! इथे ते डावीकडे असतं. तुमच्याच सीटवर बसलो होतो, बाबा. बराच वेळ उठवेना.

गुडघा कसा आहे? गाडी जरा उंच आहे, म्हणून विचारतोय.

तुमचा,
हर्षद