तीन वेळा गैरहजर

बाबा, तुमच्या फुटबॉल टीमचा लेफ्ट आउट काल भिलाईतच, पावर हाउसच्या बाजारात भेटला. शाळेतून येताना मी भाजी घ्यायला थांबले होते आणि तो ट्रकवरून कांद्याची पोती उतरवत होता. मी ओळखलंच नाही, त्यानेच ओळखलं. पोतं खाली टाकून, गमछ्याने तोंड पुसून समोर येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "नइ चिन्हेव, दीदी?" अहिवारा गावाकडचा तो काटकुळा पोरगा, जो चेंडू घेऊन कडेने सुटला की तुम्ही बाहेरून "कोपऱ्यात, कोपऱ्यात" म्हणून ओरडायचे. आता तो काटकुळा राहिलेला नाही, खांदे रुंद झालेत आणि कपाळ मागे गेलंय. त्याने आईची चौकशी केली, मी कुठल्या शाळेत शिकवते ते विचारलं, आणि मग आवाज खाली आणून म्हणाला, "हमर केस के का होइस?" मी त्याला काय उत्तर दिलं ते शेवटी लिहीन. आधीचं सगळं मांडल्याशिवाय ते मला लिहवणार नाही.

हे मी तुम्ही दिलेल्या त्याच वहीत लिहिते आहे. बी.ए.चा निकाल लागला तेव्हा आपल्या घरात पदवी म्हणजे काय हे कोणालाच नीट माहीत नव्हतं. आईने शेजारी साखर वाटली आणि तुम्ही बाजारातून ही वही आणली. लांब, जाड पुठ्ठ्याची, लाल कापडी पाठीची. उघडून पाहिलं तर कोरं हजेरीचं मस्टर. नावाचा रकाना, पुढे एक ते एकतीस बारीक चौकोन. मला हसू आलं, तर तुम्ही गंभीरपणे म्हणालात, "याच्याहून मजबूत वही भिलाईत भेटत नाई, बाई. धा वर्षं पान निघत नाई." तुमचा जन्म मस्टरमध्येच गेला. आजोबा रेल्वेत होते, तुम्ही दुर्गहून इकडे आलात आणि कारखान्याचं बांधकाम करणाऱ्या एका ठेकेदाराकडे टाइमकीपर झालात. पहाटे पत्र्याच्या खोपटात बसून माणसं मोजायची, आला की निळ्या शाईने P, नाही आला की लाल शाईने A. मी आता त्या चौकोनांवरूनच आडवी लिहीत चालले आहे. पान खरंच निघालेलं नाही.

ठेकेदाराच्या साहेबांना फुटबॉलचा नाद होता. अवजड लोखंड वर चढवणाऱ्या रिगर लोकांमधले अकरा जण त्यांनी खेळाकरता म्हणून ठेवले होते. दिवसा ते इतरांसारखेच दोर आणि साखळ्या ओढायचे, पण कपातीची यादी निघाली की त्या अकरांची नावं तिच्यात नसायची. गावातल्या आठ टीमच्या लीगमध्ये आपली टीम आहे, तोवर हे अकरा कामावर. एवढा साधा हिशोब होता आणि तो सगळ्यांना ठाऊक होता. तुम्ही त्या टीमचे सेक्रेटरी. सेक्रेटरी म्हणजे काय, तर लिंबं कापणं, चेंडूत हवा भरणं आणि संध्याकाळी आपल्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बशीतून चहा पीत आईला पूर्ण मॅच ऐकवणं. आई भाकरी थापता थापता "हो का" म्हणायची. तिला गोलकीपर हाताने चेंडू का धरतो आणि बाकीच्यांनी धरला तर शिट्टी का वाजते, हे शेवटपर्यंत पटलं नाही.

आणि तुमची ती रीत. तेव्हा कारखान्याच्या मजुरांच्या कॅम्पमध्ये कुठून कुठून माणसं आली होती. ओडिशातून, आंध्रातून, पंजाबातून, आणि पुष्कळ अशी की ज्यांच्या गावाला तार पोचेपर्यंत तीन दिवस जात. असं एखादं माणूस गेलं की त्याच्यामागे इथे कोणी नसायचं. तेव्हा तुमची टीम जायची. कोणी ठरवलं नव्हतं. पहिल्या वर्षी एकदा गेली आणि मग जातच राहिली. खांदे आळीपाळीने बदलत शिवनाथ नदीपर्यंत चालत जायचं, सगळं उरकून अंघोळ करून परत यायचं, आणि त्या दिवशी चेंडूला पाय लावायचा नाही. आई म्हणायची, "तुये बाबा जगाच्या मयतीले जातेत, अन् घरच्या नळाले वायसर लावाले यायले टाइम नाई." तुम्ही हसायचे आणि वायसर काही लावायचे नाही.

एकदा मी तुमचा डबा घेऊन खोपटात आले होते. तुम्ही आदल्या दिवसाचं मस्टर पुरं करत होता. टीमच्या अकरा जणांसमोर एकेक लाल A, आणि बाराव्या ओळीत तुमच्या स्वतःच्या नावासमोरही. मी म्हटलं, "बाबा, एवढ्या चांगल्या कामाला गेले होते. निदान अर्धा दिवस तरी लिहा." तुम्ही पेन खाली ठेवलंत. मला तुम्ही क्वचितच रागावायचे, त्यामुळे तो आवाज लक्षात आहे. "नाई आला तं नाई आला. कावून नाई आला ते देवाच्या मस्टरात लिवलं हाय. माह्या मस्टरात तेवढी जागा नाई." मनातून मला फार अभिमान वाटला. असा माणूस आपला बाप आहे, असं वाटलं. तोच अभिमान पुढे मला नडला, बाबा.

त्या मोसमात तीन वेळा असं झालं की माणूस गेलं त्याच संध्याकाळी मॅच होती. एक तापाने गेला, एकाला झोपडीत साप चावला, एक म्हातारा चहावाला रात्री झोपला तो उठलाच नाही. तिन्ही वेळा समोरची टीम मैदानात आली, रेफरीने पंधरा मिनिटं वाट पाहिली आणि तिला विजयी केलं. पुढच्या मोसमात साहेब लोकांची एक नवी टीम लीगमध्ये घ्यायची होती आणि जागा आठच. लीग कमिटीचं पत्र आलं की नियमाप्रमाणे एका मोसमात पूर्वसूचना न देता तीन वेळा गैरहजर राहिलेल्या टीमचं नाव कमी करण्यात येत आहे. मी ते पत्र तुम्हाला वाचून दाखवलं आणि विचारलं, "बाबा, तुम्ही इतकं लिहिता, मग एक चिठ्ठी का पाठवली नाही?" तुम्ही खरोखरच चकित होऊन माझ्याकडे पाहिलंत. "मढं उचलावं का चिठ्ठ्या लिवत बसावं, बाई?"

कोर्टात जायचं मीच म्हटलं. राज्यशास्त्र शिकून आले होते. नवी राज्यघटना, नवं शहर, सगळंच नवं. न्यायाधीशासमोर खरं मांडलं की न्याय होतो, हे मी परीक्षेत लिहून मार्क मिळवले होते. दुर्गच्या वकिलांनी आमचं ऐकून घेतलं आणि मला म्हणाले, "बेटी, इतना ही कहना है कि टीम मैदान पर आई थी, रेफरी नहीं मिला. ग्यारह गवाह तो घर के हैं." मी म्हटलं, आम्ही खोटं बोलणार नाही. ते पान चघळत म्हणाले, "झूठ कौन कह रहा है? मैं तो सच से कह रहा हूँ, ज़रा मैदान तक टहल आए." तुम्ही खुर्चीच्या कडेवर टोपी हातात घेऊन बसला होता. मी तुमच्याकडे पाहिलं तर तुम्ही म्हणालात, "पोरगी शिकली हाय, वकीलसाहेब. ते म्हणन तसं." अकरा माणसांचं काम तुम्ही माझ्या पदवीच्या हवाली केलंत आणि मला ते वजन कळलंसुद्धा नाही. उलट मला आणखी सुचलं की तुमचं मस्टरच पुरावा म्हणून द्यावं. हा माणूस इतका खरा आहे की पुण्याच्या कामाला गेला तरी स्वतःलासुद्धा गैरहजर लिहितो, हे न्यायाधीशांना दिसू दे. ती तीन पानं मी माझ्या वळणदार अक्षरात उतरवली, लाल A लाल शाईनेच काढले आणि साहेबांची सही घेऊन आले. वकिलांनी ती पाहिली, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "ये तो उनका काग़ज़ है, बेटी." मला वाटलं, त्यांना आमचा माणूस कळलेला नाही.

अजून डोळ्यांसमोर आहे, तुम्ही कोर्टात पिंजऱ्यात उभे आहात. धुतलेला सदरा, त्यालाही कॅम्पची लाल माती थोडी लागलेलीच. मागच्या बाकांवर टीम बसली आहे, पायात नवे कॅनव्हासचे बूट घालून, कारण कोर्टात अनवाणी यायचं नसतं असं कोणीतरी सांगितलं. लीगचे वकील माझी तीन पानं हातात धरून विचारतात, "ये A का मतलब?" तुम्ही म्हणता, "गैरहाज़िर, साहब." "ग्यारह के ग्यारह?" "मैं भी, साहब. बारह." "यानी आपकी अपनी किताब कहती है कि टीम नहीं थी. पहले से सूचना दी थी?" तुम्ही म्हणता, "मरनेवाले ने भी नहीं दी थी, साहब." कोर्ट हसतं. न्यायाधीशही हसतात, आणि क्षणभर मला वाटतं की जिंकलो. मग वकील म्हणतात, "हाँ या ना में बताइए," आणि तीन वेळा तीन तारखा वाचतात. तुम्ही तीन वेळा "नहीं" म्हणता. खाली उतरताना तुम्ही माझ्याकडे पाहिलंत, मुलाने धडा न चुकता म्हणून दाखवल्यावर मास्तरांकडे पाहावं तसं. ती नजर मला अजून पुसता येत नाही.

न्यायाधीश वाईट माणूस नव्हते. भावना समजते म्हणाले, पण नियम सर्वांना सारखा आणि गैरहजेरी तर तुम्ही स्वतःच मान्य केलीत. अर्ज फेटाळला. अपील करायला तीस दिवस. दुसऱ्या आठवड्यात नवी टीम मैदानात उतरली आणि महिनाअखेरीस कपातीची यादी आली. तिच्यात पहिल्यांदाच ती अकरा नावं होती. साहेबांना वाईट वाटलं म्हणे. नावांवर रेघ मारायचं काम टाइमकीपरचंच. तुम्ही त्या संध्याकाळी रेघ मारायची पट्टी घरी घेऊन आलात, खिशात तशीच राहिली होती. आईने चहा दिला, तुम्ही तो बशीत ओतला आणि पिण्याचं विसरून गेलात. मला रागावला असतात तर बरं झालं असतं.

मग तुमची कावीळ. हॉस्पिटलच्या खाटेवर तुमचे डोळे हळदीसारखे झाले होते आणि तुम्ही रोज एकच विचारायचे, "अपील टाकली का, बाई? पोरं विचारून राहिले." मुदतीच्या शेवटच्या दिवशी मी दुर्गला गेले. वकिलांनी सगळे कागद तयार ठेवले होते. फक्त एक शपथपत्र सही करायचं होतं की तिन्ही वेळा रेफरीला तोंडी निरोप दिला होता आणि तो निरोप मी स्वतः नेला होता. "इसके बिना अपील में दम नहीं," ते म्हणाले. मी कोर्टाबाहेरच्या बाकावर तो कागद घेऊन बसले. सही केली तर अकरा जणांना कदाचित काम परत मिळणार होतं. नाही केली तर तुमचं मस्टर खरं राहणार होतं. कोणालाच विचारता येत नव्हतं. तुम्हाला विचारलं असतं तर तुम्ही म्हणाला असतात, तू शिकली हायस. ऑफिस बंद व्हायची वेळ झाली, कारकून खिडकी लावायला लागला, आणि मी उठून बस पकडली. मी सही करायची नाही असं ठरवलं नव्हतं, बाबा. मी काहीच ठरवलं नाही. नुसती बसून राहिले.

हॉस्पिटलात आले तर तुम्ही जागेच होता. "टाकली?" मी म्हटलं, "टाकली." तुम्ही डोळे मिटून घेतले आणि कितीतरी दिवसांनी तुमचा चेहरा सैल झाला. चौथ्या दिवशी तुम्ही गेलात. अकराही जण आले. काम गेलं होतं, दोघं तर गावी परतले होते, ते तिथून आले. शिवनाथपर्यंत त्यांनी दुसऱ्या कोणाला खांदा देऊ दिला नाही.

त्याला आठ वर्षं झाली. मी मुलांना नागरिकशास्त्र शिकवते आणि न्यायालयाचं प्रकरण जरा घाईने संपवते. काल तो लेफ्ट आउट म्हणाला, "बाबूजी बताए रहिस, अपील लग गे हे." म्हणजे तुम्ही मरता मरता त्या सगळ्यांना सांगितलं होतं. मी पिशवीतली भाजी सारखी करू लागले, तर तोच माझी समजूत घालू लागला, "अदालत मा टाइम लगथे दीदी, मैं जानथौं." मागून ट्रकवाला त्याला हाक मारत होता, "अरे ओ खिलाड़ी, बोरे कौन तेरा ससुर उतारेगा?" तो हलला नाही, माझ्या तोंडाकडे पाहत उभा राहिला. तेव्हा मी म्हटलं, "हाँ भैया, लगता है. अभी तारीख नहीं आई."

हे इतक्या सहज बोलले, बाबा, की माझा मलाच आवाज ओळखू आला नाही. तो हसला, मला कांद्याचं एक फाटकं पोतं चाळून चांगले चांगले कांदे काढून दिले आणि पुन्हा ट्रककडे गेला. कांदे मी घरी आणले. आईने विचारलं, कितीला दिले, आणि मी तिलाही खरं सांगितलं नाही.