इनिशबोफिनचे स्थान, विस्तार आणि अब्बांची परवानगी

दम्माम,
शुक्रवार, जुम्म्याच्या नमाजानंतर

आदरणीय जमालुद्दीन मामूंच्या सेवेशी,

उझमाचा सलाम. मामींच्या गुडघ्यांस उतार असावा, आणि हर्णै बंदरावर उभे राहून इतरांच्या होड्यांना दिशा दाखविण्याचे आपले कार्य पूर्ववत चालू असावे, अशी दुआ करते.

सौदीकरणात आमच्या इस्पितळातील माझी परिचारिकेची जागा एका स्थानिक मुलीस मिळाली. (मुलगी गुणी आहे. शिरेत सुई लावणे मीच तिला शिकविले आणि पहिली सुई तिने माझ्याच हातात टोचली.) इकामा, म्हणजे येथे राहण्याचा परवाना, संपण्याआधी दुसरी नोकरी मिळाली नाही, तर खलास! मग अल खफजीच्या त्या स्थळाशी निकाह, जे दर वाक्याला 'यल्ला', म्हणजे 'चला चला', म्हणते आणि बसल्या जागेवरून हलत नाही.

म्हणून आयर्लंडमध्ये इनिशबोफिन येथे अर्ज केला. मुलाखत फोनवर होती. आपण जाणताच, चार माणसांत माझा आवाज फुटत नाही. परंतु पाठांतर असले की मी कोणासही आवरत नाही. मी सबंध बेट मुखोद्गत केले. मेट्रनबाईंनी सहज विचारले, "आमच्या इनिशबोफिनबद्दल काही ऐकलंयस का?" मामू, हा प्रश्न सरळ पाच गुणांचा होता! स्थान: गॉलवेच्या किनाऱ्यापलीकडे, अटलांटिक महासागरात. लोकसंख्या: दोनशेच्या आत. नावाचा अर्थ: पांढऱ्या गाईचे बेट. सातव्या शतकात कोलमन नामक साधूने तेथे मठ स्थापिला. पुढे सुमारे हजार वर्षांनी क्रॉमवेलच्या सैन्याने बंदराच्या तोंडाशी किल्ला बांधून पाद्र्यांना कोंडले. (येथे मी आपल्या सुवर्णदुर्गाशी तुलना केली. ती अभ्यासक्रमाबाहेरची होती, पण राहवले नाही.) झाडे विरळ का, याची भौगोलिक कारणेही दिली. बाई मध्ये दोनदा "अगं, पण..." म्हणाल्या, ते उपप्रश्न समजून मी पुढे गेले. अखेरीस पलीकडून हुंदका आणि हसू एकदमच ऐकू आले, आणि बाई म्हणाल्या, "पोरी, कधी येतेस?"

अब्बा कडाडले, "एकटी? परमुलखात?" मी तेच उत्तर त्यांनाही ऐकविले. दोनशे माणसे, एक धक्का, चहूकडे पाणी. अब्बा विरघळले. "म्हणजे आपलं हर्णैच की गं! कोण कोणाच्या दारात गेलं, ते मगरिबच्या नमाजाआत साऱ्या गावाला कळणार." परवानगी मिळाली! मराठी माध्यमाचा असा विजय दम्मामने यापूर्वी पाहिला नसावा.

आपली भाची,
उझमा

ता. क. मेट्रनबाईंचे ते दोन 'पण' मला नंतर उलगडले. इनिशबोफिन हे त्यांच्या वृद्धाश्रमाचे नाव आहे. तो गॉलवे शहरात, ऐन बाजारपेठेत आहे. त्या बेटावर जन्मलेल्या एक आजी तेथे राहतात आणि फोनचा स्पीकर चालू होता. हुंदका आजींचा; हसू बाईंचे.

आणखी ता. क. आपण जहाजावर असताना त्या बाजूस गेला होता, म्हणून अब्बा खातरजमेसाठी आपणास फोन करतील. आपण खोटे मुळीच बोलू नये. फक्त "चहूकडे पाणी आहे ना?" असे विचारल्यास "पाणीच पाणी" म्हणावे. गॉलवेत पाऊस बारमाही असतो. तेही मी पाठ केले आहे.