चुड्याखालची शीर

सर, तुमच्या डाव्या हाताची मला अजून भीती वाटते. चौसष्ट सालच्या कॉलऱ्यात आम्हा शिकाऊ डॉक्टरांना नागपूरहून घाटंजीकडे धाडलं, आणि शाळेच्या वर्गात खाटा टाकून तुम्ही आम्हाला सलाइन लावायला शिकवलंत. तुमचा नेम एकच. पेशंटला टोचण्याआधी सुई तुमच्या हातात घालून दाखवायची. उकळलेली सुई धरून मी उभी आहे, बोटं लटलट कापताहेत. “काहून भेऊन राह्यली वं? हात माहा हाय, तुहा नाही.” दोनदा चुकले. कोपराशी काळंनिळं झालं, तरी तुम्ही हात पुढेच धरलात. तिसऱ्यांदा जमलं. मग तुम्ही दुसऱ्या हाताची बाही वर सारली आणि पुढच्याला बोलावलंत.

चार दिवसांनी तांड्यावरची ती बाई आली, नवऱ्यानं बैलगाडीतून आणलेली. डोळे खोल गेलेले, नाडी लागत नव्हती. दोन्ही हातांत मनगटापासून दंडापर्यंत पांढरा चुडा, इतका घट्ट की तसूभर सरकेना. शीर शोधायची कुठे? तुम्ही शेजारच्या खाटेवर तडफडणाऱ्या म्हाताऱ्याला दोन्ही हातांनी दाबून धरलेलं. मी पक्कड मागवली. नवरा आडवा आला. “बाई, चुडा फोडू नोका. मी जित्ता हाय अजून.” मी त्याच्यावर खेकसले, “चुडा पाहिजे की बायको?” त्यावर तुम्ही तिथूनच कडाडलात. “पक्कड ठेव खाली! पाय नाहीत का तिले?” आणि म्हाताऱ्याला न सोडता, चप्पल झटकून, तुम्ही आपला उघडा पाय तिच्या खाटेच्या कडेवर ठेवलात. “घोट्याच्या हाडापुढं शीर पाह्य. दिसनार नाही. पन असतेच.”

मी तुमच्या घोट्यापाशी बोट ठेवलं, मग तिच्या. तिथे काहीच लागेना. ही माझ्या हातून जाणार, आणि तिचा नवरा समोर उभा राहून बघणार, एवढंच मला कळत होतं. डोळे मिटून पुन्हा चाचपलं, सुई घातली, रक्त दिसलं. तिसरी बाटली संपता संपता तिनं डोळे उघडले. आधी चुडा चाचपला, मग पाणी मागितलं. नवरा तुमच्या पाया पडायला वाकला, तेव्हा तुम्ही अजून चप्पल शोधत होतात.

पुढे मीही तीस वर्षं शिकवलं. ही गोष्ट प्रत्येक बॅचला सांगितली. माझे सर स्वतःचा हात द्यायचे, म्हटलं की पोरं भारावून बघत. मग मी त्यांच्यापुढे सुई टोचायला रबराची नळी ठेवायची. एकदा एका मुलीनं सरळ विचारलं, “मॅडम, तुमचा हात देता?” बिचारीचे हात माझ्यासारखेच कापत होते. नियमात बसत नाही, असं मी तिला सांगितलं.

तुम्ही गेलात त्यालाही आता किती वर्षं झाली. हे पत्र धाडायचं तरी कुठे? जिवंत असतात तरी धाडलं नसतं. नियमबियम काही नव्हता, सर. मी भ्याले, आणि हात पदराखाली घेतला.