भोंग्याचा मुक्काम

४ मार्च, मंगळवार

दोन दिवस म्हणाला होता. दोन! आज आठवडा उलटला. भोंगा अजून आमच्या सोफ्यावर आडवा, पाय टीपॉयवर — मोज्यांसकट.

भोंगा म्हणजे यांचा युद्धातला सोबती. दोघं आरमाराच्या एकाच तुकडीत. तिथे सगळे त्याला भोंगाच म्हणायचे. का, ते त्यानं पहिल्यांदा तोंड उघडलं तेव्हाच कळलं. यांनी लढाईत त्याला मरणाच्या दारातून ओढून आणलं, त्याबद्दल यांना पदक मिळालं. मान्य. मला अभिमानच आहे. पण वाचवला तेव्हा वाचवला — आता जन्मभर पोसायचा का?

६ मार्च, गुरुवार

दूध संपलं. अंडी संपली. गरम पाणी संपलं. भोंगा तेवढा संपत नाही.

यांना विचारलं, "कधी जाणार आहे?" म्हणाले, "बघू." युद्धावरून आल्यापासून या माणसाकडे एवढा एकच शब्द उरलाय. तुकडीनं वाटणी केली असावी — याच्या वाट्याला 'बघू', बाकीचे सगळे शब्द भोंग्याला.

९ मार्च, रविवार

शेजारच्या मावशी चहाला आल्या आणि भोंग्याला श्रोता मिळाला. पण खरं सांगायचं तर ती हकिगत आज मीही पहिल्यांदाच सबंध ऐकली. यांनी कधी सांगितलीच नाही. पदकसुद्धा कपाटात चादरींच्या मागे.

"आमची गाडी म्हणजे लोखंडी पेटीच, मावशी," भोंगा सुरू झाला. "बोटीतून पाण्यात उतरायची आणि तशीच किनाऱ्यावर चढायची. किनारा हाताशी आला आणि खाली सुरुंग! गाडी उलटी. मागचं दार वाळूत रुतलेलं. आत पाणी चढतंय, बाहेर पाण्यावर तेल पेटलंय, आणि आम्ही पाच जण आत अडकलेले. हा वर टपावर होता, लांब फेकला गेला. धडधाकट! पळायचं की नाही? साहेब ओरडतोय — मागे फीर, गाडी फुटेल! हा ठार बहिरा. कडेच्या झडपेतून आत शिरला. मांजरानं विचार केला असता, एवढीशी फट! एकेकाला कॉलर धरून बाहेर काढलं. माझा बूट अडकलेला. मी याला आईवरून शिव्या घालतोय, सोड मला, जा! तर यानं बुडी मारली, नाड्या कापल्या, वर आला आणि म्हणतो कसा — 'तोंड मीट, पाणी जाईल.'"

मावशी रडत हसत होत्या. हे कपातल्या चहाकडे बघत बसलेले.

"असे चौघं बाहेर आलो," भोंगा म्हणाला.

"आणि पाचवा?" मी विचारून बसले.

भोंगा गप्प. भोंगा! मग हळूच म्हणाला, "त्याच्यापर्यंत पोचला होता हा, वहिनी. हातात हात होता." हे उठून गॅलरीत गेले. भोंगा चहा टाकून पाठोपाठ.

वाटलं, एवढं ऐकल्यावर तरी माझा राग जाईल. गेलाही — जेवणापर्यंत. मग त्यानं भाजीत मीठ कमी असल्याचं जाहीर केलं.

१३ मार्च, गुरुवार

दिवसभर दुकानात चष्म्याच्या फ्रेमा दाखवायच्या, "यात मी म्हातारी दिसते का?" ला "छे हो!" म्हणायचं, आणि घरी येऊन तिघांचा स्वयंपाक. चिडू नको तर काय करू?

आणि चिकटपणा तरी किती! हे भाजीला गेले, भोंगा बरोबर. हे केस कापायला गेले, भोंगा बरोबर. त्याला टक्कल आहे!!

१५ मार्च, शनिवार

माझा टॉवेल वापरला. लिहायला शब्द नाहीत.

१७ मार्च, सोमवार

यांच्या वर्कशॉपमधून मुकादमाचा फोन. "वहिनी, बोटींची इंजिनं रांगेत उभी आहेत. तो येणार आहे की नाही?" काय सांगू? यांची रजा भोंगा यायच्या आधीपासूनची, हे खरं. पण आता निमित्तच सापडलंय. दिवसभर पत्ते कुटतात दोघं. मी दार उघडलं की भोंगा ओरडतो, "वहिनी आल्या, सुटलो!" सुटलो म्हणे! सुटका माझी व्हायला हवी.

२० मार्च, गुरुवार

बोलले. एकदाची बोलले! भीड ही भिकेची बहीण, आई म्हणायची ते खोटं नाही.

"भावोजी, तुम्हाला घर नाही का? आम्हाला आमचं घर हवंय." हे तिथेच होते. मान खाली.

भोंगा चिडला नाही. तेच खटकलं जरा. म्हणाला, "वहिनी, अजून थोडे दिवस राहू द्या."

"कशासाठी?"

त्यानं यांच्याकडे पाहिलं. यांनी मान हलवली — नको, अशी. "काही नाही," म्हणाला. पिशवी भरली. दारात थांबून म्हणतो, "उद्या रजा घ्या ना तुम्ही."

"कशाला? तुम्ही गेल्याचा आनंद साजरा करायला?"

फार लागलं असावं. लागू दे.

२१ मार्च, शुक्रवार

काय शांतता! सोफा पुसला, उशा उन्हात टाकल्या, कामावर गेले. रजा कसली घेतेय.

संध्याकाळी परतले तर हे इमारतीच्या पायरीवर. किल्ली विसरलात का, विचारलं. किल्ली मुठीत होती. वॉचमन म्हणाला, सकाळी तुम्ही गेल्यात तेव्हापासून साहेब इथेच बसलेत. जेवलेले नाहीत. मी भडकले — "एक गेला तर तुमचं हे नवीन! लोक काय म्हणतील?" हाताला धरून वर आणलं यांना. हात थंडगार होते.

२२ मार्च, शनिवार

बसमध्ये लिहितेय. अक्षर हलतंय.

सकाळी हे बोलले. "तो पाहुणा नव्हता गं. मीच फोन करून बोलावलं होतं. तू कामाला गेलीस की वाटायचं, आज मी जिवाचं काही करून घेईन. त्याला एवढंच म्हटलं — मला एकट्याला ठेवू नकोस. तो म्हणाला, निघालोच. तुला मात्र सांगता येईना."

सोमवारी डॉक्टरांची वेळ मिळाली आहे. हे शेजारी बसलेत, हात माझ्या हातात. एका हातानं लिहितेय.

भोंग्याला आणायला चाललोय.