दोन तास बसायचं होतं

नाशिक, १५ ऑक्टोबर १९९७

ती. झुंबरआत्यास,
सा. न. वि. वि.

मागच्या पत्रात मी लिहिलं होतं की तुझी साखर नॉर्मल आली, आता घोर नाही. ते वाक्य चूक आहे. खोडून टाक.

घटस्थापनेच्या आधी आमच्या मधुमेहाच्या पाहणीची गाडी सायखेड्याला आली होती. तुम्हा बायकांचं उपाशीपोटी रक्त घेतलं, ग्लुकोजचं पाणी पाजलं आणि दोन तासांनी पुन्हा रक्त घेतलं. ते दोन तास माणसाने एका जागी बसायचं असतं. अंगमेहनत केली की साखर जळते आणि आकडा उगाच चांगला येतो. पण आमच्या पाहणीचे मुख्य डॉक्टर, म्हणजे आमचे सर, त्यांनी तुम्हाला घरी पिटाळलं, म्हणाले, इथे गलका नको. मी आत नळ्यांवर नावं चिकटवत होते, मला कळलंच नाही. परवा तुझा समाधान औषधं घ्यायला नाशिकला आला, तेव्हा हसत बोलून गेला की आईने तेवढ्यात झेंडूच्या दोन पाट्या तोडल्या. तुझा उपाशीपोटीचा आकडा मुळात काठावर होता. दुसरा बरा आला म्हणून सरांनी नॉर्मल लिहिलं.

पुन्हा तपासू या, असं मी त्यांना म्हटलं. ते हसले. म्हणाले, या बायका बसतात कधी? मग हीच त्यांची खरी साखर. आता ते एका परिषदेत तक्ते दाखवणार आहेत की कष्टाच्या बायकांना मधुमेह शिवत नाही. खोटं नको म्हणून सांगते, माणूस हुशार आहे, रक्तही हलक्या हाताने घेतो. पण त्याला तुम्ही नको आहात, तक्ता हवा आहे. त्या दिवशी घाई होती ती सरपंचांकडच्या जेवणाची. तिथे मात्र मांडी घालून दोन तास बसले.

शाळेत नाव घालायच्या आधी मी तुझ्याच ओसरीवर आकडे शिकले. तराजूचा काटा थांबण्याआधी वजन वाचलं की तू हातावर चापट द्यायचीस. म्हणून हे पत्र. पाहणीच्या आधी निफाडच्या डॉक्टरांनी साखरेसाठी तुला पुन्हा बोलावलं होतं ना, तिथे जाऊन ये. फार तहान लागते का, पायाला मुंग्या येतात का, खरं लिही.

रागाव, पण माया आटवू नकोस.

तुझी,
सुवर्णा


सायखेडा, १८ ऑक्टोबर

चि. सुवर्णीस आत्याचा अ. आ.

तुझा कागद पोचला. वाचून लय हसले. दोन तास बसायचं? मला बाळंतपणात कुणी दोन तास बसू दिलं नाय, अन् तुझा सर बसवणार! घट तोंडावर, फुलाला भाव, अन् मी शाळेच्या ओट्यावर हाताची घडी घालून बसू? ते गुळमट पाणी प्याले हेच उपकार समज. कलाबाईने तर निम्मं पाणी तुळशीला घातलं. तिची पण साखर नॉर्मल. आता तुळशीचं रगत घ्या म्हणावं.

निफाडला जायची नाय. तुझं नॉर्मलचं पत्र आलं तवा मी गल्लीत पेढे वाटले. आता कोणत्या तोंडाने जाऊ? साखर हा गादीवर बसणाऱ्यांचा रोग हाय. सून माझ्या चहात साखर घालत नव्हती, तिला पण सांगून टाकलं, घाल दोन चमचे.

तहान लागती, पण ऊन बी तसंच हाय. मुंग्या नाय येत. उलट पाय बधिर हायेत, गोधडीत गुंडाळल्यागत. टाचेत काटा मोडला होता, घट बसायच्या आधीचा. काटा निघाला, जखम सुकंना. हळद भरते. दुखत नाय म्हणून कुणाला बोलले नाय, तू बी दादाला सांगू नको. भाऊबीजेला त्याच्यासंग ये. करंज्या करते.

पोटाला खात जा, नुसती काळजी खाऊ नको.

तुझी आत्या
झुंबरबाई


नाशिक, २१ ऑक्टोबर

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा तुळशीपाशी हसले, दुसऱ्यांदा टाचेपाशी थांबले. दुखत नाही, याचीच मला भीती वाटते. साखर फार दिवस वाढलेली राहिली की पायाची जाणीव जाते, आणि जखम चिघळून आत जाते तरी कळत नाही. अशाने पाय गेलेली माणसं मी पाहिली आहेत. भाऊबीजेपर्यंत मी थांबणार नाही, आणि दादांनाही सांगितलं आहे. त्याबद्दल मग भांड.

सरांना पुन्हा भेटले. तुझं नाव न घेता टाचेचं सांगितलं. म्हणाले, एका बाईच्या टाचेसाठी तक्ते बदलत नसतात. वर बजावलं की सायखेड्यात तोंड उघडलंस तर दुसरीकडे काम बघ. बघेन. आजवर मी त्यांना घाबरत होते. काल त्यांचा तो चकचकीत तक्ता पाहिला आणि भीती गेली, नुसती किळस उरली. परिषदेला निघायच्या दिवशी त्यांच्या पेट्या भरायला मी हवी आहे. त्याच दिवसाच्या रजेचा अर्ज मी टेबलावर ठेवला. कारण लिहिलं, आत्याचा पाय.

निफाडच्या डॉक्टरांना फोन केला आहे. ते आधी टाच बघतील, मग रक्त. सकाळी चहासुद्धा घेऊ नकोस, अनवाणी फिरू नकोस. फुलं समाधान तोडेल. दोन तास मी तुझ्या शेजारी बाकावर बसेन. माझ्या सरांना हव्या तेवढ्या शिव्या दे, पण बसून दे. कलाबाईंनाही घेऊ, त्यांचाही आकडा धरायचा नाही. पेढ्यांची लाज वाटत असेल तर गल्लीत सांग, भाचीने चुकीचं लिहिलं होतं. ते खरंच आहे.

आशीर्वाद आल्यावर समोरच घेईन. शुक्रवारी, २४ ऑक्टोबरला, पहिल्या एसटीने सायखेड्यात उतरते.

तुझी,
सुवर्णा