बाप्पाखालचा राजवाडा

२४ ऑगस्ट १९८६, रविवार
आजपासून जुनी चित्रांची पुस्तकं घेणं बंद. शपथ देवाची नाही, कलेची घेतली, म्हणजे सीरियस.
बायकोचं, सुलक्षणाचं म्हणणं, गणपतीची जागा मोकळी करा, नाहीतर मीच रद्दीवाल्याला हाक मारीन. तिला सांगितलं, मी नुसता दुकानांचे बोर्ड रंगवणारा पेंटर नाही, आर्टिस्ट आहे. आर्टिस्टला रेफरन्स लागतो. म्हणाली, 'येथे थुंकू नये'ला कसला रेफरन्स? मी ब्रश धुवायला घेतले. मोठी माणसं वाद घालत नाहीत.

२७ ऑगस्ट
जुहूला एक बंगला रिकामा होतोय, असं चहाच्या टपरीवर कानावर आलं. कान माझे पहिल्यापासून तिखट. नुसतं बघायला गेलो.
घेतलं. एकच. जाडजूड, परदेशी, भाषा कुठली ते विकणाऱ्यालाही ठाऊक नाही. पहिल्या पानांवर पांढरेशुभ्र राजवाडे: खांब, कमानी, जिने. पुढची पानं ओलीने चिकटलीत, सावकाश सोडवीन. शपथ शाबूत. ती दुकानातल्या पुस्तकांची होती, हे बंगल्यातलं.

६ सप्टेंबर
उद्या गणपती. जागा मोकळी नाही. म्हणून आयडिया: पुस्तकांचाच चौरंग! जाड खाली, वर लाल कापड. अगदी तळाला राजवाडे. विद्येच्या देवाला असं आसन अख्ख्या अंधेरीत कुणी दिलेलं नाही. सुलक्षणा बघत राहिली. म्हणाली, चला, कुणाच्या तरी उपयोगी पडली.

८ सप्टेंबर
स्टुडिओच्या गेटाशी पानवाल्याचा बोर्ड रंगवत होतो. खाली आर्ट डायरेक्टर चंद्रप्रकाश कुणाला तरी झापत होते, परदेशी राजवाड्याचा सेट लावायचाय आणि एक धड चित्र मिळू नये? शिडीवरूनच म्हटलं, माझ्याकडे आहे. म्हणाले, आणा, पसंत पडलं तर तुम्ही माझे असिस्टंट. पक्की नोकरी!
घरी आलो. पुस्तक बाप्पाखाली.
हळूच मूर्ती उचलावी म्हटलं, तर सुलक्षणा आडवी. विसर्जनापर्यंत मूर्ती जागची हलवायची नाही, अहो, तुमच्या घरात कुणी हलवली होती का कधी? शेजारच्या शेवंतीबाई दारातूनच, बाप्पाक हात लावशात तर बघा! पुस्तक खालून ओढून पाहिलं. बाप्पा झुकले. सोडून दिलं.

९ सप्टेंबर
चंद्रप्रकाशना स्पष्ट सांगितलं, पुस्तक पाच दिवसांच्या गणपतीखाली आहे, थांबावं लागेल. त्यांनी कानाला हात लावले. म्हणाले, हा तर शुभशकुन, विसर्जनाला स्वतः येतो. सुतारांना तोवर थांबवलंय. याला म्हणतात वजन.
मरोळच्या कारखान्यातून 'धोका'चे पत्रे रंगवायला बोलावणं आलं. कळवलं, मी आता सिनेमात आहे.

११ सप्टेंबर, संध्याकाळ
उत्तरपूजा झाली, मूर्ती हलवली, आणि सगळ्यांसमोर पुस्तक चंद्रप्रकाशांच्या हातात दिलं. पहिला राजवाडा. वा! दुसरा. क्या बात है! चिकटलेली पानं त्यांनी नखाने सोडवली. तिथे तोच राजवाडा, आणि एक बाई सुरीने त्याचा बुरूज कापून बशीत घालतेय. बाजूला अंडी, मैदा, साखर.
शेवंतीबाई, अगो बायो, ह्यो तर केक! सुलक्षणा तोंडाला पदर लावून आत. चंद्रप्रकाश म्हणाले, काय यार जयवंतराव, सुतार बसवून ठेवले मी, केकसाठी? प्रसाद घेतला, गेले. नोकरीचं नाव काढलं नाही.
केकसुद्धा शिल्पच असतं. डोक्यावरून गेलं त्यांच्या. त्यांचं नुकसान.

१५ सप्टेंबर
मरोळचे पत्रे दुसऱ्यानेच रंगवले. रंगवू दे. पुस्तकाने काम आणलंच! शेवंतीबाईंनी केकची बातमी नाक्यापर्यंत पोचवली; तिथल्या बेकरीवाल्या शिवदासने बोलावलं, बोर्डावर केक काढून पाहिजे. पुस्तकातला सगळ्यात मोठा काढला. खांब, कमानी, जिने, एक सोडलं नाही.
शिवदास रस्त्यापलीकडे जाऊन, मान तिरकी करून बराच वेळ बघत होता. म्हणाला, राजवाडा एक नंबर, जयवंतशेठ. पण केक कुठे काढलाय?
पुन्हा शिडी लावली. लाल रंगात मोठ्ठं लिहिलं: केक. आणि बाण काढला.